निम्फांचं पुढे काय झालं

ॲन आर्बर,
१२ एप्रिल २०२५

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. गुडघ्यांमुळे सध्या खुर्चीत बसूनच घालते आहे, गोड मानून घे. आम्ही सगळे मजेत. अर्विंगहून निघालो तेव्हा घरात पंखे चालू होते, इथे एप्रिलात बर्फ पडतोय. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून नागपूरला हे पत्र.

काल नैनाचं युनिव्हर्सिटीत भाषण झालं, तिच्या पीएचडीवर. विषय तिने तुला सांगितलाच असेल: जुन्या ग्रीक काव्यांतल्या निम्फ, म्हणजे झऱ्यांच्या आणि झाडांच्या देवता. लेक सहा वर्षं हे करतेय, पण आमच्या ह्यांनी अर्विंगच्या मराठी मंडळात अजून कुणाला पत्ता लागू दिलेला नाही. "नैना जलस्रोतांवर संशोधन करते," असं ठोकून देतात. झरे आहेत ना त्यात, मग अगदीच खोटं कुठे, असं वर मलाच समजावतात.

मी तीस जणांना पुरतील एवढ्या चकल्या नेल्या होत्या. माणसं आली नऊ. नैनाच्या गाईडबाईंनी भाषण चालू असतानाच एक तोंडात टाकली, आणि त्या आवाजाने सगळी सभा मागे वळली. नैनाने माझ्याकडे जे पाहिलं, ते थेट तुझं पाहणं होतं.

मग ह्यांनी हात वर केला. "म्हणजे आपल्या अप्सराच ना?"

"नो बाबा," नैना म्हणाली. "अप्सरा मूल खाली ठेवून स्वर्गात परत जाते. निम्फ दुसऱ्याचं मूल वाढवते."

मी पर्स उघडून उगीच चष्मा शोधू लागले. तो डोळ्यांवर होता.

नैनाने सांगितलं, ग्रीकांच्या देवांचा राजा तान्हा असताना आईला त्याला लपवावं लागलं. डोंगरातल्या गुहेत निम्फांनी त्याला मध आणि बकरीचं दूध पाजून वाढवलं. पुढे त्याने हातात वीज घेतली, राज्य केलं, त्याच्यावर हजारो ओळी लिहिल्या गेल्या. ह्या बायांच्या वाट्याला एखादी ओळ, काहींना नुसतं नाव.

मला राहवेना. मीही हात वर केला. "पण मूल नेल्यावर त्या बायकांचं पुढे काय झालं?"

नैनाने हातातले कागद खाली ठेवले. मग म्हणाली, "आई, नोबडी रोट दॅट डाउन."

गाईडबाई "एक्सलंट क्वेश्चन" म्हणाल्या. तेव्हापासून हे मला प्रोफेसर म्हणताहेत.

ताई, आता खरं लिहिते. आम्हा दोघांच्या नोकऱ्या, म्हणून सहा महिन्यांची नैना तुझ्या ओटीत घातली आणि साडेतीन वर्षांनी न्यायला आले. विमान मंगळवारचं होतं, तुला गुरुवारचं सांगितलं. तिला आवडतात म्हणून तू बोरं आणायला गेलीस, तेवढ्यात पोरीला उचलून निघाले. तेवीस वर्षं मी "तारखेचा घोटाळा झाला" म्हणतेय. घोटाळाबिटाळा काही नव्हता. विमानतळावर ती तुझ्या गळ्यात पडून तुला आई म्हणाली असती, आणि मला ते ऐकायचं नव्हतं. प्रवासभर झोपली होती, असं तुला फोनवर सांगितलं. तेही खोटं. फ्रँकफर्टपर्यंत तुझ्या नावाने रडत होती. माझं चुकलं गं.

काल भाषणानंतर नैनाने मला प्रबंधाचं पहिलं पान दाखवलं. अर्पणपत्रिकेत तुझं पूर्ण नाव आहे आणि खाली मराठीत लिहिलंय: "हिचं पुढे काय झालं ते मला माहीत आहे. दर रविवारी फोन करून विचारते." माझं नाव मागे आभारांत आहे, ह्यांच्या आणि लायब्ररीच्या मधे. चालेल मला.

शेवटची परीक्षा सोळा मेला आहे. नैनाच्या हट्टाने काढलेला तुझा व्हिसा नुसता पडून आहे. तिकीट सोबत पाठवतेय. विमान आठ मेचं, गुरुवारचं. ह्या वेळी खरंच गुरुवारचं. डेट्रॉइटला आम्ही दोघी घ्यायला येऊ. मी जरा मागे उभी राहीन. तिने तुला काय हाक मारायची ते तिचं ती ठरवेल.

तुझी धाकटी,
आणि नैनाची दुसरी आई,
मिनू