जिन्याच्या पोकळीबाबत अखेरची इच्छा

मी, चौथ्या मजल्यावर राहणारी व्हायोलिनवादक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने लिहीत आहे. माझ्या शुद्धीबद्दल इमारतीत दुमत आहे. म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांना साक्षीदार घेतले आहे.

१. बँकेतील शिल्लक धाकट्या भावाला द्यावी. "ताई, त्या लाकडी खोक्यावर पोट कसं भरणार?" असे तो जन्मभर विचारत आला. भरून उरले ते हे.

२. व्हायोलिन पुतण्याने मागितले होते. "आत्या, काचेच्या कपाटात काय शोभेल!" त्याला व्हायोलिनची जुनी, रिकामी पेटी द्यावी. शोभेला ती पुरे.

३. व्हायोलिन, गज, माईक आणि हे घर माझ्या शिष्येला द्यावे. माझ्या सगळ्या रचना याच इमारतीच्या जिन्यात ध्वनिमुद्रित झाल्या. मी वर वाजवायचे, माईक आणि ध्वनिमुद्रक तळमजल्यावर. मधल्या पोकळीतून सूर घुमत खाली पोचेपर्यंत पुढचा लावायचा नाही, हा माझा नियम. समीक्षकांनी याला 'चिंतनशील संथपणा' म्हटले. मी जिन्यासाठी थांबत होते, एवढेच.

४. त्याच पोकळीत सोसायटीला लिफ्ट बसवायची आहे. सर्व घरमालकांची संमती लागते. एक माझीच अडली आहे. सेक्रेटरी म्हणाले, "काकू, निदान स्वतःच्या गुडघ्यांचा तरी विचार करा!"

"गुडघ्यांना विचारलं. त्यांची संमती आहे. माझी नाही."

त्यानंतर शेजारी माझ्या तब्येतीची फार आपुलकीने चौकशी करू लागले.

५. माझी शेवटची रचना लिहून झाली आहे, पण माझ्या बोटांना आता ती पेलत नाही. शिष्येने विचारले, "बाई, लिफ्ट आल्यावर ही वाजवायची कुठे?"

"कुठेच नाही. म्हणून नीट वाजव."

तिने ती जिन्यात वाजवून ध्वनिमुद्रित करावी आणि मगच लिफ्टला संमती द्यावी. त्या वेळी रहिवाशांनी दारे लावून गप्प बसावे. मिक्सर फिरला, कोणी शिंकले किंवा जिन्यात कोणी कोणाला हाक मारली, तर पुन्हा पहिल्यापासून.

६. ध्वनिमुद्रण नीट झाले की नाही, हे फक्त शिष्या ठरवील. तिला स्वतःचे एकही वादन आजवर पसंत पडलेले नाही. रहिवाशांनी धीर धरावा.

वरील मजकूर वाचून, समजून, समाधानाने सही केली.

साक्षीदार: डॉक्टर, तिसरा मजला (सही)
साक्षीदार: ध्वनिमुद्रक (सही)
ठिकाण: राहते घर, चौथा मजला
दिनांक: ९ नोव्हेंबर