शोभाताईचा अंगठा

डोणगाव, मंगळवार, संध्याकाळ

दाजी असं बोलतील?

शोभाताई दाल मिलमध्ये पोती शिवायची. अंगठ्यात दाभण टोचला, एवढंच. चिंधी बांधून तिनं काम पुरं केलं. आठवड्याच्या आत विष अंगभर पसरलं आणि माझी बहीण गेली. तिच्या सासूनं नातीच्या नावानं भरपाईचा दावा लावला. आज बुलढाण्याला कोर्टात तारीख होती.

मिलच्या वकिलानं साक्षीला उभं केलं ते दाजींना, तिच्याच नवऱ्याला. ते खाली बघत म्हणाले, "गोधडी शिवता शिवता घरीच टोचला तिले दाभण."

गोधडी दाभणानं? गोधडी तर सुईनं शिवतात.

ताईच्या सासूबाई उभ्या राहिल्या. "साहेब, हा माहाच पोरगा आहे. खोटं बोलून राह्यला. आता त्याच मिलवर मुकादम झाला."

साहेब म्हणाले, तुमचंही ऐकू, पुढच्या तारखेला.

बाहेर दाजी म्हणाले, "माय, चाल, गाडी आणली."

"तू जाय," त्या म्हणाल्या आणि नातीला घेऊन माझ्यासोबत एसटीत बसल्या. वाटेत मेहकर आलं, त्यांचं नि दाजींचं घर तिथंच. त्या उतरल्या नाहीत.