गल्लीची सरासरी

३ फेब्रुवारी

चि. आकडेशास्त्री यास ताईचे अ. आ.

आई बरी आहे. लेकीची चाचणी परीक्षा पार पडली.

तुमच्या खात्याची एक पोरगी फॉर्म घेऊन आली होती. घरात कमावतं कोण, मिळकत किती. नेमकी तेव्हा समोरची पार्लरवाली वाटीभर साखर मागायला आलेली. तिच्यादेखत, गणवेश शिवून महिना नऊ हजार मिळतात, असं कोणत्या तोंडाने सांगू? अठरा सांगितले. पोरीने मान वर न करता लिहून घेतले. पार्लरवाली साखर न घेताच गेली.

खात्याला फसवलं म्हणून रागावू नकोस. तू तिथला साहेब, एवढं चालवून घेशील.

लोभ आहेच; तो मोजायला माणूस पाठवू नकोस.

तुझी ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न.

रागावलो नाही. गरीब माणूस मिळकत फुगवून सांगतो, श्रीमंत दडवून. दोघं कागदावर मध्येच कुठेतरी भेटतात. एरवी त्यांची भेट होत नाही.

फक्त एक. शाळेची अर्धी फी माफ होते ती गल्लीच्या सरासरी मिळकतीवर. पण तुझ्या एकटीच्या वाढीव नऊ हजारांनी काही बिघडत नाही.

आईला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नये.

तुझा धाकटा

६ जून

चि. धाकट्यास अ. आ.

बिघडलं. शाळेच्या फळ्यावर नोटीस लागली: आमची गल्ली आता मध्यमवर्गीय, फीमाफी बंद.

सगळ्या आया पटांगणात जमल्या. जी ती दुसरीकडे बघत होती. शेवटी मला राहवेना. सांगून टाकलं, नऊ मिळतात, अठरा सांगितले. मग रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरची बायको म्हणाली की आमचे साडेदहा, सांगितले वीस. पार्लरवालीने पंचवीस सांगितले होते. तिला सात मिळतात. पार्लर तिचं नाहीच, खुर्ची भाड्याची. साखर तिला खरंच हवी होती. कागदावर गल्लीत सर्वांत गरीब निघाला औषधवाला. त्याची दोन दुकानं आहेत.

खरे आकडे घालून एक्केचाळीस सह्यांचा अर्ज केलाय. तुझी साहेबाची चिठ्ठी जोडली तर वजन पडेल. आणि गल्लीत आता सगळ्यांचे पगार सगळ्यांना ठाऊक झालेत. सख्ख्या भावाचा तेवढा मला माहीत नाही. किती रे मिळतात तुला?

उत्तर लवकर दे, माया मागाहून पाठवली तरी चालेल.

ताई

१४ जून

ती. ताईस शि. सा. न.

चिठ्ठी देता येत नाही. मी साहेब नाही. कंत्राटावर आहे, फॉर्म संगणकात चढवतो, फॉर्ममागे पैसे मिळतात. गेल्या महिन्यात साडेसात हजार झाले. आईच्या औषधाचे दोन हजार त्यातलेच. चार वर्षं सांगेन सांगेन म्हणत राहिलो.

तुझा फॉर्म माझ्याच हाताखालून गेला. अठरा खोटे आहेत हे मला कळत होतं. तसेच चढवले. आपल्यापैकी एकाला तरी अठरा मिळतात, हे वाचून क्षणभर बरं वाटलं.

चूक झाली. तरी आपला समजावा.

धाकटा

२ जुलै

चि. धाकट्यास अ. आ.

पुन्हा मोजणी होणार आहे. तोवर अर्धी फी माफ. औषधवाला सही करायला आला नाही.

औषधाचे यापुढे हजारच पाठव, उरलेल्यात नीट जेव. वाद नको, मी तुझ्याहून जास्त कमावते.

आईला सगळं सांगितलं. ती उठली. मग चपला घालून समोर गेली आणि पार्लरवालीला सांगून आली की माझा मुलगा साहेब नाही, त्याला साडेसात हजार मिळतात. परत येताना चांगली ताठ चालत होती. पार्लरवालीचे सातच आहेत ना.

येऊन भेटून जा, आमचा जीव तुझ्यात आहे.

तुझी ताई