बाही वर करण्याचा ठराव

चेंबूर,
मंगळवार

प्रिय कुंडलिक,

सप्रेम जयभीम. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढू नकोस असं डॉक्टरांनी सांगितलं आणि त्याच आठवड्यात तुमची लिफ्ट बंद पडली, हे ऐकून वाईट वाटलं (हसूही आलं, पण ते नंतर). रुक्मिणीचं बीपी बरं आहे ना? तिला म्हणावं, लोणचं समोर आलं की तोंड फिरव. तू बोरिवलीला आणि मी चेंबूरला, त्यामुळे आपण एकाच शहरात राहतो हे फक्त मतदानाच्या दिवशी आठवतं. इथे सगळे मजेत आहेत. मजेत म्हणजे काय, तुझी अक्का जिंकली आहे! एवढा मोठा विजय फोनवर सांगण्यात मजा नाही, म्हणून पत्र.

तेजल पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार हे तुला ठाऊक आहे. खोली रंगवून झाली, डिंकाच्या लाडवांचा डबा घासून झाला. आणि मागच्या महिन्यात तिच्या मुलुंडच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, की सध्या फ्लूची साथ आहे, बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत त्याला ही लस देता येत नाही, तेव्हा घरातल्या मोठ्या माणसांनी घ्यावी. तेजलने तर आधीच घेतली होती. यावर आमच्या विहीणबाई काय म्हणाल्या ऐक. म्हणाल्या, आमच्याकडे सगळ्यांनी घेतली, तुमच्याकडे जमत नसेल तर संकोच करू नका, बाळंतपण इथेच करू. किती गोड आवाजात बोलल्या सांगू! आधी बाळंतपण नेलं असतं, मग बारसं, मग शाळाही मुलुंडचीच. आणि आम्ही महिन्यातून एकदा पाहुण्यांसारखं जाऊन, सोफ्याच्या कडेला बसून नातवंड बघायचं. मला दोन दिवस जेवण गेलं नाही रे.

आता घरात चार दंड. माझा, सुनेचा म्हणजे सपनाचा, प्रबुद्धचा आणि तुझ्या दाजींचा. सपना तर पहिल्या दिवसापासून तयार. प्रबुद्ध म्हणाला, बघू (हा मुलगा लग्नालाही बघूच म्हणाला होता). आणि दाजी म्हणाले, गरज नाही. कारखान्यात बत्तीस वर्षं एकही आजारपणाची रजा घेतली नाही, हे त्यांनी मला पुन्हा ऐकवलं. गेल्या वर्षी तीन आठवडे खोकून खोकून शेजाऱ्यांचा कुत्रा घाबरवला होता, त्याला ते ‘हवापालट’ म्हणतात. मी म्हटलं, निदान बाळासाठी तरी घ्या. तर म्हणाले, विषय सभेपुढे ठेव.

आमच्या घरच्या सभा तुला माहीत आहेत. विहाराच्या कमिटीवर बावीस वर्षं काढल्यामुळे या माणसाला ठरावाशिवाय अन्न पचत नाही. शेगडी बदलायची झाली तरी सूचक लागतो, अनुमोदक लागतो, मतदान होतं. अध्यक्ष कायम तेच. इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे, कारण माझं अक्षर चांगलं (आणि दुसरं कुणी लिहीत नाही म्हणून). समसमान मतं पडली की अध्यक्षांचं जादा मत, आणि आमच्या घरात मतं नेहमी समसमानच पडतात. अशा रीतीने वीस वर्षं या घरात लोकशाही आहे आणि टीव्हीचा रिमोट त्यांच्याकडे आहे.

परवाच्या नव्हे, त्याआधीच्या रविवारी सभा भरली. ठराव मी मांडला, सपनाने अनुमोदन दिलं. दाजींनी विरोधात सव्वीस मिनिटं भाषण केलं, त्यात पाणी, व्यायाम, कारखाना आणि माझ्या स्वयंपाकातलं तेल एवढे विषय आले. प्रबुद्ध त्यांच्या बाजूने गेला, कारण विरोधात मत दिलं की काहीच करावं लागत नाही. दोन विरुद्ध दोन. दाजी घसा खाकरून जादा मत द्यायला सरसावले, तेवढ्यात मी उभी राहिले आणि म्हटलं, हरकतीचा मुद्दा!

बारा वर्षांपूर्वी विहाराच्या रंगकामाचं कंत्राट अध्यक्षांच्या भाच्याला जाणार होतं. तेव्हा तुझ्या दाजींनीच भांडून नियम करून घेतला, की ज्याचा विषयात हितसंबंध आहे त्याने अध्यक्षस्थान सोडावं. तो कागद मी लाडवाच्या डब्याखालून काढला आणि मोठ्याने वाचला. विषय दंडाचा आहे, अध्यक्षांचा दंड त्यात गुंतलेला आहे, तेव्हा त्यांनी खुर्ची सोडावी आणि वयाने पुढच्या सभासदाने बसावं. कुंडलिक, हा माणूस हट्टी आहे, पण नियमाला पक्का. उठले आणि स्टुलावर जाऊन बसले. वीस वर्षांत पहिल्यांदा मी त्या खुर्चीत बसले (गादी चांगली मऊ आहे, आता कळलं ते का उठत नाहीत) आणि जादा मत टाकलं. ठराव मंजूर! माझाही दंड त्यात गुंतलेला होता हे त्यांच्या लक्षात जेवताना आलं, पण तोवर इतिवृत्त लिहून झालं होतं.

शनिवारी सगळे नाक्यावरच्या दवाखान्यात गेलो. दाजींनी कार्यक्रम असल्यासारखा खळ घातलेला पूर्ण बाह्यांचा सदरा घातला होता. बाही कोपराच्या वर सरकेना. सिस्टर म्हणाली, काका, शर्ट काढा ना. काढला, आणि पंधरा माणसांनी त्यांचं बनियन पाहिलं. ते बनियन टाकून द्या म्हणून मी दोन ठराव आणले होते, दोन्ही फेटाळले गेले होते. सुई टोचली तेव्हा मात्र त्यांनी डोळासुद्धा मिटला नाही. सपनाचं चुटकीसरशी झालं. प्रबुद्ध सुई बघूनच पांढरा पडला. त्याला बाकावर आडवा करून टोचली आणि मी धावत चहा आणायला गेले.

त्याच संध्याकाळी विहीणबाईंना व्हिडिओ कॉल लावला. त्यांचा चेहरा बघायला तू हवा होतास! तेजल तिकडे हसत होती आणि डोळे पुसत होती. म्हणाली, आई, पुढच्या रविवारी येते. दाजी आता विहारात लसीवर बोलत फिरतात, सात म्हातारे त्यांनी तयार केलेत, आणि कल्पना आपलीच होती असं सांगतात. सांगू देत. खुर्चीत कोण बसलं होतं ते मला माहीत आहे.

रुक्मिणीला आशीर्वाद. गुडघ्याला शेक दे.

तुझी,
राधाअक्का

ता. क. : बाळाला बघायला येणाऱ्यांनीही लस घ्यावी असा पुरवणी ठराव झाला आहे. तुम्ही दोघं घ्या.

ता. क. २ : हे वाचून पत्र फाडून टाक. इतिवृत्तात ‘चारही सभासदांनी लस घेतली’ असं लिहिलं आहे. तीन सभासदांनी घेतली. चहा घेऊन आले तेव्हा सिस्टरने विचारलं, सगळ्यांचं झालं ना? आणि माझ्या तोंडून गेलं, झालं. त्या सुईपुढून मी अजून पळ काढते, कुंडलिक, साठी उलटली तरी. तीन रात्री झोप नाही. बाळ आधी माझ्या हातात देणार आहेत, आणि खोटं लिहिलेल्या हातांनी मला ते घ्यायचं नाही.

गावात लस टोचणारे आले की मी कणगीमागे लपायचे आणि तू बोट दाखवून मला पकडून द्यायचास. त्याचा राग मी पन्नास वर्षं धरला, तो आज सोडला. या शनिवारी अकरा वाजता नाक्यावर ये, आणि मला पुन्हा पकडून दे.