डोळे मिटून दिलेला नकार

दि. ३ मार्च

चि. बदकास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या वहिनीच्या पोटात गोष्ट राहत नाही हे तुला ठाऊक असूनही तू तिला सांगितलंस, म्हणजे मला कळावं असंच तुझ्या मनात असणार. तू म्हणे कुठल्याशा बाईकडे जाऊन संमोहन करून घेतेस! अगं, पन्नाशीला टेकलीस. उद्या तिने टाळी वाजवली की कोंबडीसारखी घरभर फिरणार आहेस का?

तुझं मन वर्षभर उदास आहे, हे मी नाकारत नाही. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, त्या घे. पण परक्या माणसाच्या हाती मनाच्या किल्ल्या देऊन डोळे मिटायचे, हे मला मुळीच पसंत नाही. छापखान्यात मी उभा जन्म दुसऱ्याचं अक्षर न् अक्षर तपासून छापलं. तुझ्या डोक्यात ती बाई काय छापेल, ते कोण तपासणार?

तेव्हा मी ठरवलंय. पंधरा तारखेला तुला न्यायला येतो. मागची खोली रिकामी करून ठेवली आहे. पोहण्याच्या तलावावरच्या तुझ्या व्यवस्थापकांना फोन करून तू नोकरी सोडत असल्याचंही कळवून टाकलं. आज रागावशील, पण पुढे नाव काढशील.

प्रकृतीस जप आणि या वेळी तरी ऐक.

तुझा,
दादा

*

दि. ७ मार्च

ती. दादास,
साष्टांग नमस्कार वि. वि.

नमस्कार झाला, आता भांडते. माझा राजीनामा मी दिलेला नाही. तू दिलास, तर तो तुझा. छापखान्यात लागू होत असेल तर बघ.

तुझ्या फोनमुळे काय झालं, ऐक. माझा मोठ्या माणसांचा वर्ग दुसऱ्या शिक्षकाला देऊन टाकला होता. व्यवस्थापक म्हणाले, की कित्येक महिने तुम्ही काठावरूनच शिट्टी वाजवता, पाण्यात उतरत नाही, त्यामुळे भावाचं म्हणणं आम्हाला खरं वाटलं. त्यात खोटं काय होतं? गेल्या वर्षी एक मुलगी पहिल्यांदाच या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहली आणि पाण्याबाहेर डोकं काढून माझ्याकडे बघून हसली. मला काहीच वाटलं नाही. आत नुसता दगड. त्या दिवसापासून मी काठावर आहे.

गोळ्यांनी मला अंथरुणातून उठवलं, पण ‘तुझ्यानं होणार नाही’ ही आतली भुणभुण थांबेना. म्हणून डॉक्टरांनीच मला या बाईंकडे पाठवलं. त्या शिकलेल्या मानसतज्ज्ञ आहेत. चपला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर त्यांची खोली आहे. खालून हातोडीची ठकठक चालू असते, उशीची शिवण उसवलेली आहे, आणि बाईंना सदा सर्दी. जादू म्हणावं असं तिथे औषधालाही सापडणार नाही. झोपही लागत नाही. सगळं ऐकू येतं, फक्त अंग सैल पडतं आणि आतला गलका जरा लांब जातो.

आता किल्ल्यांचं. पहिल्याच दिवशी बाई मला पायऱ्या उतरवत उतरवत एका निळ्या, शांत पाण्याकडे न्यायला लागल्या. मी डोळे मिटलेलेच ठेवून सांगितलं, की पाणी नको, पाणी म्हणजे माझी नोकरी. बाईंना हसू आलं. मग कुठे जायचं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तलावाच्या मागे टॉवेल वाळवायची खोली आहे, तिथे. यंत्रातून नुकताच काढलेला गरम टॉवेल छातीशी धरून मी तिथे पाठ टेकून बसते. मग त्या म्हणाल्या, की आता तुम्हाला आनंद वाटतोय. मी म्हटलं, नाही वाटत, काहीतरी खरं बोला. तेव्हा आम्ही दोघींनी मिळून वाक्य बसवलं: मी पाण्यात उतरणार आहे; आनंद आला तर येऊ दे, नाही तर गेला उडत.

हे माझ्या डोक्यात छापलंय, दादा. मुद्रितं मी स्वतः तपासली आहेत.

व्यवस्थापकांशी भांडून एक वर्ग मागून घेतलाय, पंधरा तारखेच्या संध्याकाळचा. न्यायला येऊ नकोस. बघायला ये.

लोभ आहेच, तो वाढावा. हुकूम तेवढे कमी व्हावेत.

तुझी,
बदक

*

दि. ११ मार्च

प्रिय बदकास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आलं आणि घरात वादळ झालं. तू फार शेफारलीस, असं हे म्हणाले. पत्र फडताळावर आपटलं, परत उचललं, चष्मा लावून पुन्हा वाचलं. ‘गेला उडत’ या शब्दांपाशी मिशीतल्या मिशीत हसले, हे मी पाहिलं. नाही म्हणतील.

पण एक गोष्ट तुला सांगायलाच हवी, यांची परवानगी न घेता. सासूबाई अशाच गप्प होऊन बसल्या होत्या, तेव्हा तू पाळण्यात होतीस. काकांनी त्यांना कुणा मन ताब्यात घेणाऱ्याकडे नेलं. त्याने त्यांना बंद खोलीत कोंडलं. हे दहा-बारा वर्षांचे, दाराबाहेर उभे. आतून आईचा आवाज येत होता आणि यांना कुणी दार उघडू दिलं नाही. इतक्या वर्षांत मला हे एकदाच बोलले. संमोहन म्हटलं की यांना तेच दार दिसतं गं. तुझ्यावर अविश्वास नाही.

म्हणून नमतं घे, असं मात्र मी म्हणणार नाही. आजवर आपण सगळ्यांनीच यांना फार नमतं घेतलं.

माझी आठवण ठेव, आणि वर्गाआधी पोटभर जेव.

तुझी,
वहिनी

*

दि. १९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलास हे वहिनीकडून कळलं. समोर असताना तू बोलला नाहीस आणि मीही नाही, म्हणून लिहिते.

त्या संध्याकाळी मी शिडीवर उभी होते. गॅलरीत तू बूट हातात घेऊन बसला होतास, जणू आग लागली तर मला उचलून पळायचंय. तुझ्याकडे बघितलं नाही. टॉवेलची ऊब आठवली, वाक्य म्हटलं आणि उतरले. आनंद आला नाही, खोटं कशाला सांगू? पाणी गार होतं, एवढंच. पण एक आजोबा कठड्याला घट्ट चिकटून बसले होते, त्यांचा हात मी सोडवला, आणि पाठीखाली माझा तळवा ठेवून त्यांना तरंगवलं.

वर्ग परत मिळाला. ‘नोकरी सोडायचं मी ठरवलं होतं, तिने नव्हे, आणि तो फोन करायचा मला अधिकार नव्हता’ असं तू व्यवस्थापकांना सांगितलंस म्हणे. मला सांगितलं नाहीस. चालेल. मोठ्या भावांना तोंड एकच असतं आणि ते बहिणीसमोर उघडत नाही.

आईचं वहिनीने कळवलं. तिला रागावू नकोस. आईवर झाला तो उपचार नव्हता, दादा, ती जबरदस्ती होती. तू लहान होतास. ते दार उघडणं तुझ्या हातात नव्हतं. बाईंकडे मी बसते त्या खोलीला आतून कडी आहे आणि ती मी कधी लावत नाही. पुढच्या खेपेला बाईंच्या बाहेरच्या खोलीत बस हवं तर. आत मात्र मीच जाणार.

आणि मी बरी झाले, असं घरात जाहीर करू नकोस. काल दिवस वाईट गेला. दुपारपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून होते. वाक्य म्हटलं, तेही कोरडंच गेलं. आजही सकाळपासून छातीवर तोच दगड आहे. बाईंनी आधीच बजावलं होतं, की असे दिवस येणार, आणि गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. करत नाही. पण तो दगड आज माझ्यासोबत तलावावर येणार आहे. त्याला पोहता येत नसेल, तर काठावर बसेल.

चारला वर्ग आहे. निघते.

मुलांना आशीर्वाद, वहिनीला नमस्कार, आणि तुझी माया आहे तशीच असू दे.

तुझी,
बदक