खिडकीत कागद असलेली घरं

१० एप्रिल १९९२, शुक्रवार

निवडणूक हरलो! देशातही, आणि आमच्या हॅल्डनमध्येही. इथे तर इतक्या थोडक्यात, की मतं पुन्हा मोजावी लागली. सगळ्या जनमत चाचण्या आमच्या बाजूने होत्या! बाबा चहा घेऊन वर आले, कप ठेवून गेले. बस आगाराच्या युनियनमध्ये जन्म गेला त्यांचा.

सलग चौथी हार. शाळेत होते तेव्हापासून दुसरं सरकार पाहिलेलंच नाही. आता कधी पाहणार?

११ एप्रिल

क्लिफ आमचा प्रचार सांभाळतात. आज म्हणाले, 'गिरण्या गेल्या, पोरी, त्यांच्याबरोबर आपली माणसंही गेली. आपण आता जिंकत नसतो.' मी भांडले. शाळेतली नोकरी चालून आलीय ती नाकारते, पुढच्या निवडणुकीपर्यंत इथेच राबते, असं मी त्यांना सांगितलं. घरातली पहिली पदवीधर मी — आईबाबांना नोकरीचं ठाऊक आहे, ती नाकारतेय हे अजून सांगितलेलं नाही.

आणि क्लिफ खरं बोलत असतील तर?

१४ एप्रिल

पुन्हा दारोदार. मत का दिलं नाहीत, एवढंच विचारायचं. पण जो तो म्हणतो, 'तुम्हालाच की!' वर बिस्किटं पुढे करतात. मग आम्ही हरलो कसे? परतताना वाटलं, पडद्यांआडून सगळी गल्ली बघतेय. जन्मापासूनच्या गल्लीची भीती वाटावी!

१६ एप्रिल

शेजारच्या एंटविसलबाईंच्या खिडकीत आमच्या पक्षाचा लाल कागद अजून आहे. प्रचारात असं दार आम्ही ठोठावत नाही. कागद दिसला की घर आपलं, पुढे चला. आज ठोठावलं.

कागद त्यांच्या नवऱ्याच्या, हॅरीच्या वेळेपासूनची सवय, म्हणाल्या. तो गेला, तरी लावतात. मत मात्र दुसऱ्यांना — आम्ही आलो तर कर वाढणार असं ऐकलं होतं म्हणून.

'तू विचारलंस कुठे? समोरच्या त्या शिव्या देणाऱ्याकडे मात्र चारदा गेलीस!'

अशी किती घरं आम्ही ओलांडून गेलो? क्लिफना सांगितलं. त्यांनी मतदारांची यादी पुढे ओढली. मग म्हणाले, 'म्हणजे माणसं इथेच होती.' मला धीर यायला हवा होता. आला नाही.

१८ एप्रिल

आमच्याही खिडकीत कागद आहे. दर निवडणुकीला बाबा स्वतः लावतात. पण नगरपालिकेचं हे घर विकत घेतल्यापासून आईला कर्जाच्या हप्त्यांची धास्ती. जेवताना तिच्याकडे बघवत नाही.

विचारू? नको.

१९ एप्रिल, ईस्टर

विचारलं. आई मटण कापत होती. सुरी खाली ठेवून म्हणाली, 'मी तुझ्याच पक्षाला दिलं. त्यांना विचार.'

बाबा खिडकीशी उभे होते, कागदाची चिकटपट्टी नखाने सोडवत. वळले नाहीत.

'मला हप्त्यांची भीती वाटली गं,' म्हणाले. 'ती शाळेतली नोकरी सोडू नकोस.'