घड्याळ फार बोलतं

प्रिय हेबेर,

पुरस्काराबद्दल अभिनंदन. वर्तमानपत्रातला फोटो पाहिला. 'सर्वांसाठी खुलं संकेतस्थळ' असं कोरलेला तो काचेचा तुकडा तू असा छातीशी धरला आहेस, की पाहणाऱ्याला वाटावं बारसंच आहे. खाली लिहिलंय की तपासणी-यंत्राने तुला शंभरपैकी शंभर दिले. यंत्रालाही शेवटी तुझ्यासारख्याच कुणीतरी बनवलेलं असतं.

घटस्फोटानंतर मी तुझी सगळी माणसं तुला परत केली, तुझी बहीण तेवढी ठेवून घेतली. ग्रिसेल्दा आता माझी नणंद नाही, नुसतीच मैत्रीण आहे, आणि बढतीने दोघीही खूश आहोत. त्यामुळे शिक्षकांच्या तास-निवडीच्या दिवशी मी तिच्याच स्वयंपाकघरात माते, म्हणजे आपला तो कडू चहा, भिजवत होते.

पूर्वीची निवड तुला ठाऊक नसणार. दर वर्षी तू तिला सभागृहापर्यंत सोडायचास आणि गाडीतच बसून राहायचास. आत गुणानुक्रमे नावं पुकारली जात आणि ज्याने त्याने वर्षाची आपली शाळा मागून घ्यायची. ग्रिसेल्दाचं नाव आलं की मागून कुणीतरी ओरडायचंच, "बाई, सेर्रोची शाळा एखाद्या वर्षी आम्हाला सोडा की!" आणि ही मातेचा घोट घेत म्हणायची, "मी मेल्यावर घे रे. तोवर घसा साफ कर." हशा व्हायचा, ती सेर्रो वस्तीतल्या त्या शाळेचे संगीताचे तास मागायची, कारकून लिहून घ्यायचा. तिला दिसत नाही, पण यात डोळ्यांचं काम होतंच कुठे? त्या शाळेत तिने असा गायकवृंद उभा केलाय की एके काळी त्यात गाणाऱ्या बायका आता आपल्या मुलींना पाठवतात. अख्ख्या सभागृहाला ती तोंडओळखीने नव्हे, आवाजओळखीने माहीत होती. मग तुझी भूतदया जागी झाली, तू ते संकेतस्थळ बनवलंस आणि निवड घरबसल्या झाली.

तिचा क्रमांक लागला. संगणकातला वाचणारा आवाज शाळांची यादी सांगू लागला. पहिल्या शाळेचं नाव अर्ध्यावर असताना म्हणाला, "चार मिनिटं अठ्ठावन्न सेकंद उरले." पुन्हा नाव सुरू, पुन्हा "चार मिनिटं सत्तावन्न." कुणा पुण्यवंताने, अंधांनाही वेळ कळावी म्हणून, घड्याळाला दर सेकंदाला बोलायची मुभा दिली होती. एकाही शाळेचं नाव पुरतं ऐकू येईना. ग्रिसेल्दा आधी हसली. "अगं मिर्ता, हे तर तुझ्या नवऱ्यासारखं आहे. एकदा बोलायला लागलं की दुसऱ्याला तोंड उघडू देत नाही." "माजी नवरा," मी दुरुस्ती केली. मी पुढे सरकले तर म्हणाली, "हात लावू नकोस. माझे तास आहेत, मी घेईन." मग तिचं हसणं थांबलं. शेवटी तिने संगणक माझ्याकडे ढकलला, तोवर वेळ संपून तिचं नाव यादीच्या तळाला गेलं होतं आणि सेर्रो दुसऱ्या कुणाचं झालं होतं. तिच्या वाट्याला आल्या शहराबाहेर पार कानेलोनेसकडच्या विखुरलेल्या शाळा, रोज नवी बस, रोज नवे खड्डे.

ग्रिसेल्दाने मदतकेंद्राला फोन केला. मुलगी गोड होती. "बाई, कोपऱ्यात निळं चाकाच्या खुर्चीचं चित्र दिसतंय ना? ते दाबा."

"दाबल्यावर काय होतं, पोरी?"

"अक्षरं मोठी होतात."

"माझ्यासाठी किती मोठी करशील?"

 मग, "घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा ना, बाई."

हेबेर, ही गफलत कशी झाली हे तुझ्याच तोंडून ऐकलेलं आहे. ग्रिसेल्दाच्या वाढदिवसाला, ती आत कोशिंबीर करत असताना, हातात भाजलेली बरगडी धरून तू कौतुकाने सांगत होतास, की त्या वाचणाऱ्या आवाजाने तुम्हा मंडळींचं डोकं उठतं, म्हणून तुम्ही तो बंद करून, तो काय बोलेल ते पडद्यावर वाचून सगळं तपासता. बहिऱ्यांनी गायनाची परीक्षा घ्यावी, तसं हे तुमचं शास्त्र. आंधळ्यांसाठीची वस्तू तुम्ही डोळ्यांनी पारखली आणि जिच्यासाठी ती होती ती शेजारच्या खोलीत टोमॅटो चिरत होती. "ताई, जरा बघतेस का चालवून?" एवढं म्हणायला किती पावलं लागली असती? पण तुला अपंगांची सेवा करायची असते, त्यांना काही विचारायचं म्हणजे मग त्यांचं ऐकूनही घ्यावं लागतं.

आता कामाचं. निवड मंडळाने तिला कळवलंय की संकेतस्थळ पुरस्कारप्राप्त आहे, सबब निर्दोष आहे. बनवणाऱ्यानेच दोष कबूल केला तर निवड पुन्हा घेता येईल. हरकतीची मुदत शुक्रवारी संपते, सोमवारी शाळा उघडतात. ग्रिसेल्दा तुला सांगणार नाही. "पोराने आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी म्हणून काहीतरी केलंय, त्याच्या आनंदात माती कशाला कालवू?" असं म्हणाली, आणि मलाही लिहायची बंदी केली. म्हणून हे पत्र आल्याचं तिला कळू देऊ नकोस. उद्या सकाळी मंडळात जा आणि लेखी दे, की घड्याळाला बोलतं करण्यात तुझं चुकलं. कुणी विचारलंच कसं कळलं, तर सांग की तुझ्या स्वतःच्याच लक्षात आलं. कुणाचा विश्वास बसणार नाही, पण बहिणीचा बसेल. तिला तो ठेवायचाच आहे.

कधीकाळची तुझीच,
मिर्ता